रश्श्याची रयतवारी

जमाबंदीच्या खात्यात ज्याची उभी हयात गेली, त्याच्या नजरेला एक कायमचा बाक येतो. इतर माणसे डोंगर पाहून प्रसन्न होतात. हा डोंगर गायरानात धरला असेल की पोटखराब्यात, याची विवंचना करीत तो पायथ्याशीच उभा राहतो. सेवानिवृत्तीनंतर हा दृष्टिदोष हळूहळू ओसरतो, असे आश्वासन मला खात्यातील वडीलधाऱ्यांनी दिले होते. परंतु चीनच्या सिचुआन प्रांतातील चेंगदू शहरी, जावईबापूंच्या नोकरीनिमित्त बिऱ्हाड थाटून राहिलेल्या मुलीकडे आम्ही उभयता मुक्कामास गेलो, आणि तिच्या इमारतीच्या कोपऱ्यावरील दुकानात ‘मालातांग’ नावाच्या तिखटजाळ रश्श्याचा व्यवहार कसा चालतो ते मी पाहिले, तेव्हा माझ्यातील निद्रिस्त सर्कल इन्स्पेक्टर डोळे चोळीत उठून बसला. पदार्थ म्हणून त्या रश्श्याची योग्यता काय ती जाणकारांनी ठरवावी. महसुलाची पद्धत म्हणून मात्र तो निःसंशय अभ्यसनीय होता.

दुकानात शिरताच भिंतीला लागून फडताळे दिसतात आणि त्यांत कमळकाकडीच्या चकत्या, बटाट्याचे काप, पालक, चिनी कोबी, काळी पातळ अळंबी, लाव्याची उकडलेली अंडी, माशांचे गोळे, सोयाबीनच्या दुधावरची वाळवलेली साय आणि रताळ्याच्या पिठाच्या बोटभर रुंद पारदर्शक शेवया अशी जिनसांची मांडामांड असते. गिऱ्हाइकाने एक घमेले आणि एक चिमटा घ्यावा, मनास येईल ते वेचावे आणि घमेले काट्यावर ठेवावे. जे वजन भरेल त्यावर अर्ध्या किलोला अमुक युआन या हिशेबाने आकारणी होते. आणि दर, वाचकहो, सर्व जिनसांना एकच! गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३५-३६ च्या सुमारास आमच्या इंदापूर तालुक्यात मोजणी केली, तेव्हा मातीची खोली पाहिली, रंग पाहिला, प्रतवारी लावली आणि मगच शेतावर आकार बसविला. येथे पाण्याने निथळणारा कोबी आणि फुंकरीने उडेल अशी वाळकी साय एकाच दराने सारा भरतात. जिरायत-बागायतीचा भेदच नाही. परिणाम व्हायचा तोच होतो. मुरलेले कॉलेजकुमार वजनाला नगण्य पण रश्श्यात पडताच दुप्पट फुगणारे जिन्नस तेवढे अचूक टिपतात, आणि परगावचा भोळा मनुष्य मुळा व कोबी घेऊन, पानांना चिकटलेल्या पाण्याचाही दाम मोजून, कृतार्थ मुद्रेने टेबलाशी जाऊन बसतो. हे पाहत मी काट्याजवळ इतका वेळ उभा राहिलो की अखेरीस आमच्या कुटुंबास हस्तक्षेप करावा लागला. “अहो, लोक बघताहेत. इथं तुम्हाला पीकपाहणीला कोणी बोलावलेलं नाही.”

मूळची रीत याहून निराळी आणि, माझ्या मते, अधिक न्याय्य होती. मिन नदीच्या काठी, जेथे कड्यात कोरलेला ७१ मीटर उंचीचा बुद्ध बाराशे वर्षे बसून आहे त्या लशानच्या परिसरात, नावाडी आणि नावा ओढणारे मजूर काठावर चूल मांडीत आणि हाताला लागेल तो भाजीपाला तिखट पाण्यात बुचकळून खात, असे तिकडे सांगतात. पुढे फेरीवाल्यांनी तेच जिन्नस बांबूच्या काड्यांत ओवून विकावयास घेतले. खाऊन झाल्यावर रिकाम्या काड्या मोजायच्या आणि तितके पैसे घ्यायचे. ही सरळ सरळ खळ्यावरची बटाई झाली: आधी पीक, मग सरकार. काड्या टेबलाखाली सरकविण्याची विद्या मात्र जगातील कोणत्याही रयतेला शिकवावी लागत नाही. काट्याची पद्धत देशभर पसरविली ती दूर ईशान्येकडील हार्बिनच्या दुकानदारांनी, आणि त्यांनी रश्श्यात दुधाची भुकटी व तिळाचे वाटणही घातले. त्या विषयावर चेंगदूच्या माणसाशी बोलू नये हे उत्तम. वायव्येस गान्सू प्रांतातील तियानशुई गावी तर याहून मौज. ज्या गावाजवळ माइजीशानची बौद्ध लेणी दीड हजारांहून अधिक वर्षे उभी आहेत, तेथे २०२४ च्या वसंतात देशभरातून झुंबड उडाली ती लेण्यांसाठी नव्हे, तर तिथल्या मालातांगासाठी. आणि सरकारने तत्काळ रेल्वे स्थानकापासून रश्श्याच्या दुकानांपर्यंत खास बसगाड्या सोडल्या. ही हकीकत ऐकून, साध्या फेरफार नोंदीसाठी आमच्या कचेरीत लोकांनी घातलेले हेलपाटे मला आठवले, आणि मी विषय बदलला.

हा रस्सा घरी करण्याचा ठराव मात्र महसुली कारणांनी झाला नाही. तो वारसाहक्काच्या दाव्यातून निघाला. पहिलाच घोट घेताच सौभाग्यवतींचे ओठ थरथरले, जीभ बधिर झाली, आणि वाडग्यातून एक तांबूस, उकललेले, मिरीएवढे फळ दोन बोटांत उचलून त्या दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात, माहेरच्या मालवणीत उद्गारल्या, “अगो, ह्यां तर तिरफळ!” वनस्पतिशास्त्र या बाबतीत त्यांच्या बाजूस आहे. चिनी लोक जिला ह्वाजिआओ म्हणतात ती मिरी आणि आमच्या कोकण-गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणारे तिरफळ ही एकाच कुळातील, लिंबूवर्गातील काटेरी झाडांची फळे आहेत; जात निराळी, पण भाऊबंदकी खरी. ओठांना जो झिणझिण्यांचा अनुभव येतो त्याची लंडनमधील संशोधकांनी २०१३ साली मोजणी केली, तेव्हा तो सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतका भरला. आमच्या घरच्या विजेचा प्रवाहही सेकंदास ५० आवर्तनांचाच असल्यामुळे, पावसाळ्यात जुन्या मीटरला ओला हात लागला असता जो साक्षात्कार होतो तोच येथे सात्त्विक मार्गाने घडतो, असे म्हणण्यास हरकत नसावी. याच मिरीवर अमेरिकेने १९६८ पासून २००५ पर्यंत आयातबंदी घातली होती, कारण तिच्यातून लिंबाच्या बागांना रोग लागेल अशी त्यांना धास्ती होती; उलट सिचुआनमधील हानयुआन येथील मिरी पूर्वीच्या काळी बादशहाच्या दरबारी नजराणा म्हणून जात असे. एकाच जिनसेच्या नशिबी एकीकडे मनाई आणि दुसरीकडे नजराणा, हे पाहून मला काही नवल वाटले नाही. आमच्या खात्यात अशा बदल्या नित्य होत.

वहिवाट सिद्ध झाल्यामुळे ताबा घेणे क्रमप्राप्त होते. समोरच्या बिऱ्हाडातील एक वयोवृद्ध आजीबाई, ज्यांना मुलीच्या तोडक्यामोडक्या चिनीवरून ‘भारतातील मंडळी घरी मालातांग करणार’ एवढे कळले होते, त्या न बोलावता हजर झाल्या आणि येताना साबणाच्या वडीएवढी, लालभडक, गोठलेली एक लादी घेऊन आल्या. ती गाईबैलांच्या चरबीत शिजविलेल्या मसाल्याची आहे, असे मुलीने हळूच सांगितले. आमच्या सौभाग्यवतींनी ती दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावावी की लावू नये याचा क्षणभर विचार केला, आणि मोठ्या अदबीने परत आजीबाईंच्याच पिशवीत ठेवली. आजीबाईंनी हरकत नोंदविली नाही. त्यांनी ओट्यावरील मोहरीच्याच जातीच्या तेलाची बाटली उचलून दाखविली. सिचुआनमध्ये हे तेल धूर निघेपर्यंत तापवून, मग जरा निवू देऊन, त्यात फोडणी करतात. तडजोड बिनतक्रार मंजूर झाली.

त्या तेलात आले, लसूण आणि पातीचा कांदा करपूस झाला, तो काढून टाकला, आणि मग पडली पीश्यनची तांबडी चटणी. पीश्यन हा चेंगदूलाच लागून असलेला इलाखा. तेथे बाकल्याचे दाणे आणि मिरच्या आंबवून ही चटणी करतात. रांजण दिवसा ढवळायचे, उन्हात उघडे ठेवायचे, रात्री दव खाऊ द्यायचे आणि पाऊस आला की झाकायचे, असा हा वर्ष-वर्ष चालणारा कारभार आहे. ती मंद आचेवर परतताना तेल हळूहळू तांबडे होत गेले, आणि तेथे एक चमत्कार घडला. आजीबाईंनी दोन प्रकारच्या सुक्या मिरच्या पुढे मांडल्या: एक लांब, सुरकुतलेली, मवाळ, दुसरी आखूड, टणक, दुष्ट. सौभाग्यवतींनी पहिलीवर बोट ठेवून डोळ्यांनी ‘रंगाला?’ आणि दुसरीवर ठेवून ‘झणक्याला?’ असे विचारले. आजीबाईंनी दोन्हींना मान डोलावली. ब्याडगी आणि लवंगी यांचा संसार ज्या मसुद्यावर चालतो, तोच मसुदा हा! तसे पाहता दोघींनाही मिरचीची सनद परक्या दर्यावर्द्यांकडूनच मिळालेली. आपल्याकडे ती गोव्याच्या बंदरात पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरली. चीनमध्ये १५९१ साली हांगचौच्या काओ ल्येन नावाच्या गृहस्थाने आपल्या ग्रंथात तिची नोंद केली, ती पाहण्यास सुंदर अशी रोपटी म्हणून. ती चवीला तिखट असते एवढेही त्या रसिक मनुष्याने जाता जाता टिपले, पण त्यापुढे नोंद सरकली नाही.

तिरफळाची बी कडक आणि कचकचीत असते, म्हणून ती काढून नुसती साल वापरावी हा आमच्या सासुरवाडीचा दंडक. ह्वाजिआओच्या पोटातही तशीच चकाकणारी काळी बी असते. दोघी बायका ओट्याशी समोरासमोर बसून, एकच ताट मध्ये घेऊन, नखाने ती बी उकलून टाकू लागल्या. एकीच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, दुसरीच्या हातात हिरव्याच दगडाचे कंकण. बोलणे एकही नाही, आणि तरीही मधूनच दोघी एकदम हसत. कशाला हसत होत्या ते मला आजतागायत कळलेले नाही; माझ्याविषयी असावे असा माझा कयास आहे.

या सर्व वेळी जावईबापू हातात वही आणि डिजिटल काटा घेऊन उभे होते. ते इंजिनियर असल्यामुळे प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये टिपून घेतल्याशिवाय तो भांड्यात पडू द्यायचा नाही, असा त्यांचा संकल्प होता. त्यांच्याकडे पाहून मला प्रिंगलसाहेबांची आठवण झाली. या साहेबांनी १८२८ च्या सुमारास पुणे भागात प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसविण्याचा घाट घातला. गणित इतके निर्दोष होते की प्रत्यक्ष शेतीशी त्याचा संबंधच उरला नाही, आणि थोड्याच वर्षांत ती व्यवस्था कोसळली. आजीबाई बाटली उपडी करीत आणि हात आपण होऊन थांबेपर्यंत ओतीत. “बाबा, ह्यांना विचारा ना, साधारण किती?” असे जावईबापूंनी मला काकुळतीने विनविले. मी विचारविले. आजीबाईंनी उत्तरादाखल चक्रीफूल, दालचिनी आणि मसाला वेलदोडा यांची एक मूठ भरून भांड्यात टाकली, वर खडीसाखरेचा खडा टाकला, आणि जावईबापूंच्या हातून वही घेऊन त्याच वहीने चुलीला वारा घातला.

कोंबडीच्या हाडांचे पाणी पडून रस्सा रटरटू लागल्यावर खरा राज्यकारभाराचा प्रश्न उभा राहिला. मराठी घरात काय शिजावे, किती वाढावे आणि कोणी दुसऱ्यांदा मागू नये, हे ठरविण्याचा अधिकार स्वयंपाक करणारीचा. जेवणारा हा केवळ कूळ. मालातांगात हे सारे उलटते. मधला जमीनदार बरखास्त होऊन प्रत्येक जण सरकारशी, म्हणजे भांड्याशी, थेट करार करतो: मुलीने नुसत्या शेवया आणि अळंबी वेचल्या, जावईबापूंनी माशांचे गोळे वेचले, मी वाळकी साय आणि लाव्याची अंडी यांवर पूर्ण भर दिला, कारण दुकानात शिकलेली विद्या घरी फुकट असली तरी सुटत नाही. वेचलेले ते झाऱ्यात घालून, कठीण आधी आणि कोवळे नंतर अशा क्रमाने उकळत्या रश्श्यात बुडवून, आपापल्या वाडग्यात आले. वर लसणाचे पाणी, कोथिंबीर, शेंगदाण्याचे कूट. भाजीला कोणी हात लावला नाही. सौभाग्यवतींनी हे अराजक दोन मिनिटे सोसले. मग पालकाची अख्खी जुडी भांड्यात सोडली, आणि पट्टी म्हणून, वयाचा व मिळकतीचा भेद न करता, सर्वांच्या वाडग्यात सारखी वसूल केली. आजीबाईंच्याही. त्यांनी ती पहिल्या हप्त्यातच बिनबोभाट चुकती केली; अनुभवी कूळ ओळखू येते.

त्यानंतर मी, जिन्नस संपले असे पाहून, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तांबड्या रश्श्याचा भुरका मारला. ज्याने कोल्हापुरात नोकरी केली त्याला दुसरे सुचणेही शक्य नव्हते. आजीबाईंच्या हातातील काड्या जागच्या जागी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मुलीकडे, मग घरातील फर्निचराकडे, आणि चेहऱ्यावर अपार करुणा घेऊन त्या लवकरच निरोप घेत्या झाल्या. सिचुआनमध्ये हा रस्सा जिन्नस शिजविण्यापुरता असतो. तो पिणे ही तेथे दारिद्र्याची परिसीमा मानतात आणि थट्टेने एकमेकांस तसे म्हणतात, हा खुलासा मुलीने मागाहून केला. मी तोवर दुसरा वाडगा भरून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजले. दारात आजीबाई, आणि त्यांच्या हातात झाकणाचे मातीचे भांडे: कोंबडीचे रात्रभर शिजलेले, लाल बोरे घातलेले, स्वच्छ सोनेरी सूप. मुलीने आमची सांपत्तिक स्थिती समजावून सांगण्याचा बराच प्रयत्न केला, मला पेन्शन मिळते हेही सांगितले. आजीबाई समजूतदारपणे मान डोलवीत राहिल्या आणि जाताना माझा खांदा थोपटून गेल्या. रिकामे भांडे परत देऊ नये म्हणून सौभाग्यवतींनी त्यात बेसनाचे लाडू भरून पाठविले, त्याचा अर्थ ‘हे लोक पोटाला चिमटा घेऊनही अब्रू राखतात’ असा लावला गेला असावा, कारण पुढच्या आठवड्यात भांडे आले ते पहिल्यापेक्षा मोठे. सूप असे उत्तम होते की घरात पुन्हा मालातांग शिजला त्या दिवशी, रस्सा पिण्यास बसण्यापूर्वी, मी उठून बाहेरचे दार सताड उघडे टाकले.