वर्षभराचं ऊन, एका रविवारात

मीरा-भाईंदरमध्ये वेळेवर चालणारी एकच सेवा उरली आहे आणि तिचं मुख्य कार्यालय इथून १५ कोटी किलोमीटरवर आहे. मे महिन्यात ती सकाळी सहाच्या सुमारास रुजू होते आणि संध्याकाळी सात वाजून गेल्यावरच जागा सोडते. मधल्या वेळेत 'साहेब साइटवर गेलेत' असं उत्तर मिळत नाही. दुपारी साडेबाराला, बाकी सगळ्या खिडक्यांवर जेवणाच्या सुट्टीची पाटी लागते तेव्हा तिच्या कामाला सर्वांत जास्त जोर असतो. अर्ज लागत नाही, झेरॉक्स लागत नाही, ओळख तर अजिबात चालत नाही. असल्या खात्याशी व्यवहार करायची आपल्याला सवयच नाही. म्हणून इथल्या बेव्हर्ली पार्कातलं कुटुंब रविवारी समुद्रावर गेलं की सोमवारी त्याला पाठ टेकता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या बेव्हर्लीतली माणसं म्हणे अंगाचा रंग तांबूस व्हावा म्हणून मुद्दाम उन्हात पडतात. आमच्या बेव्हर्लीत तोच रंग इच्छेविरुद्ध आणि मोफत मिळतो.

या सहलीचं मूळ रक्ताच्या तपासणीत असतं. बेव्हर्ली पार्कात इमारतीला इमारत खेटलेली. बाल्कनी केव्हाच हॉलमध्ये घेतलेली. उरलेल्या खिडकीला जाळी, जाळीबाहेर वाळणाऱ्या चादरी. सूर्य घरात येतो तो समोरच्या विंगच्या काचेवर आपटून, तोही पाहुण्यासारखा पाच मिनिटं टेकून. मग कधीतरी कुणीतरी 'संपूर्ण शरीर तपासणी'चं पॅकेज घेतं आणि अहवालात ड जीवनसत्त्वाच्या पुढे खाली जाणारा बाण उमटतो. डॉक्टर म्हणतात, रोज थोडं ऊन घेत चला. मराठी कुटुंब या वाक्यातून 'रोज' आणि 'थोडं' हे दोन शब्द काढून टाकतं आणि उरलेल्याची अंमलबजावणी करतं. वर्षभराचे गहू एकदम भरतात, वर्षभराचं तिखट एकदम कांडतात, तर ऊनच तेवढं सुटं का घ्यायचं?

त्वचेला मात्र साठवणीचा हा हिशेब मान्य नाही. ठरावीक वेळेनंतर ती जास्तीचं ड जीवनसत्त्व बनवायचं थांबवते. आधी जे बनत होतं त्याचाही बराच भाग त्याच उन्हात निरुपयोगी पदार्थांत बदलून जातो. पुढचे चार तास कुटुंबाच्या पदरात जे पडतं ते निव्वळ भाजणं.

ठरतं ते असं : सकाळी सहाला गेटवर, उशीर चालणार नाही. व्हॉट्सॲपवर सगळे अंगठा दाखवतात. सहाला पाणी येतं. पाणी आलं की आई ते भरल्याशिवाय हलत नाही, कारण समुद्र कुठे पळून जात नाही, पाणी जातं. साडेसातला पुऱ्या. पुऱ्या म्हटल्यावर बटाट्याची भाजी आली. नऊला आत्याचा फोन येतो, की आम्हीही येतो, थांबा. दहाला काकांना टायरमध्ये हवा कमी वाटते. गोल्डन नेस्ट चौक ओलांडून पुलावरून भाईंदर पश्चिमेला उतरेपर्यंत अकरा वाजतात. पुढे मुर्धा, राई, मोर्वा ही गावं, आणि कुठल्याही इतर दिवशी रिकामा असणारा, फक्त आपण निघालो त्या रविवारी तुंबणारा रस्ता. उत्तनला समुद्र दिसतो तेव्हा घड्याळात बारा वाजून गेलेले असतात. सहाच्या बेताचं रूपांतर साडेबारात करण्याची आपली जी परंपरा आहे, ती लग्नाच्या मुहूर्ताला खपते. सूर्याला मंगलाष्टकं लांबवायला सांगता येत नाही.

सामान पाहावं. पुऱ्या, भाजी, लोणचं, शेजारच्या बेनने दिलेले थेपले, बर्फाच्या डब्यात कोल्ड्रिंक, अख्खं कलिंगड, ते कापायला सुरी, बॅट, दोन चेंडू (एक समुद्रात जाणार हे गृहीत), चटई, गाण्यांचा स्पीकर. मोबाइलला खारं पाणी लागू नये म्हणून पारदर्शक प्लास्टिकचं खास पाकीट, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. चौदा हजारांच्या फोनची एवढी बडदास्त! चार वर्षांच्या नातवाच्या पाठीला मात्र काहीही नाही. आई दारात विचारते, "अहो, छत्री घेऊ का?" बाबा म्हणतात, "छत्री? मृग लागायला अजून महिना आहे." विषय संपतो. सात जूनच्या आधी छत्री उघडणारा माणूस आपल्याकडे एक तर इंग्रज असतो किंवा आजारी.

नाही म्हणायला, सनस्क्रीन असतं. सात माणसांत पन्नास मिलिलिटरची एक ट्यूब, तीही काकूंनी पुतण्याच्या लग्नासाठी घेतलेली आणि लग्नातही जपून वापरलेली. वेष्टनावरचा एसपीएफचा आकडा ज्या प्रयोगशाळेत ठरतो, तिथे त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम मलम फासलेलं असतं. त्या हिशेबाने एका प्रौढ माणसाच्या सबंध अंगाला एका वेळी साधारण तीस मिलिलिटर लागतं. शिवाय दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. म्हणजे ती ट्यूब दोन माणसांनासुद्धा एका खेपेला पुरत नाही. काकू ती सात जणांना पुरवतात आणि घरी आणताना निम्मी शिल्लक असते. कुंकवाइतका एक ठिपका नाकावर, एकेक गालावर. एसपीएफ ३० नीट लावलं तर भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० लावलं तर ९८. म्हणजे आकड्यावरून दुकानदाराशी घासाघीस करण्यात फारसं काही नाही, काय ते लावण्यात आहे. पण लावणं म्हणजे संपवणं, आणि संपवणं हे आपल्या संस्कारात बसत नाही.

उत्तनचा किनारा बराचसा खडकाळ आणि होड्यांनी भरलेला. म्हणून गाडी वळते गोराईकडे, वाळूच्या शोधात. हद्द मुंबई महापालिकेची लागते. ऊन दोन्ही महापालिकांचं सारखंच.

वाटेत एक दृश्य असतं आणि ते पाहून कुटुंब नाकाला रुमाल लावतं. उत्तनच्या कोळीवाड्यांत बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असतात, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. त्यांच्यामध्ये काम करणाऱ्या बायकांकडे नीट बघावं. डोक्याला फडकं, त्याचंच टोक गालांवरून घेतलेलं, अंगात लांब बाह्या. आयुष्य ज्यांचं उन्हात गेलं त्या बायका अंग झाकून घेतात, आणि वर्षातून एकदा उन्हाला भेटणारे बाबा शर्ट काढून बनियनवर येतात, मग बनियनही काढतात. ऊन कसं वापरायचं याचं उत्तनला शास्त्र आहे : काय वाळवायचं, किती दिवस, उलटायचं केव्हा. बेव्हर्ली पार्कचं कुटुंब वाळूवर पालथं पडतं आणि त्याला उलटायलाही कुणी नसतं.

पण खरा घात वारा करतो. गोराईला दुपारी तापमान तेहतीस-चौतीस, वर समुद्रावरून गार झुळूक. 'छे, आज ऊन कुठे आहे?' असं काका म्हणतात ते याच झुळुकीच्या भरवशावर. उकडणं वेगळं आणि भाजणं वेगळं, हे लक्षात येत नाही. भाजतात ते अतिनील किरण. ते ना दिसतात, ना गरम लागतात. वारा घाम वाळवतो, किरणांना हातही लावत नाही. शिवाय हवामान खातं जो आकडा सांगतं तो सावलीतला. त्यांचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार-एक फूट उंच ठेवलेला असतो. सरकारला पाऱ्याची काळजी कळते. माणसांनी आपापलं बघावं.

अतिनील किरणांचा वेगळा निर्देशांक असतो. त्यात अकरा गाठलं की 'आत्यंतिक' म्हणतात. मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी आपला किनारा अकराच्या वर असतो. त्यात वाळू खालून थोडे किरण परत पाठवते, लाटांचा फेस आणखी थोडे. 'आम्ही तर पाण्यातच होतो' ही सबबही टिकत नाही, कारण अर्धा मीटर खोल पाण्यातसुद्धा पृष्ठभागावरच्या अतिनील किरणांपैकी सुमारे ४० टक्के पोहोचतात. त्यातून कुणी तळलेल्या बोंबलावर लिंबू पिळून हात न धुता उन्हात बसला, तर रस लागलेल्या बोटांवर काही दिवसांनी तपकिरी चट्टे उठतात. लिंबाच्या रसात आणि उन्हात तसं साटंलोटंच आहे.

या सगळ्या धुमश्चक्रीत एकच व्यक्ती सहीसलामत राहते. आत्याची मुलगी, वय पंचवीस, स्थळं बघणं चालू. तिला आत्याने पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायला लावला आहे, तोंडाला स्कार्फ, हातमोजे, वर दुपट्टा, आणि शहाळेवाल्याच्या ताडपत्रीखाली खुर्ची टाकून बसवलं आहे. 'काळवंडलीस तर फोटो पुन्हा काढावे लागतील.' पोरगी दिवसभर चिडून बसते, समुद्राला पायही लावत नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या त्या गोरेपणाच्या मलमाने २०२० साली नावातला गोरेपणा काढून टाकला. आत्याने काढलेला नाही. आमची या आत्यांशी जुनी तक्रार आहे. पण सांगायला संकोच वाटतो, की त्वचारोगतज्ज्ञ जे जे सांगतात ते सगळं त्या दिवशी गोराईला फक्त आत्यानेच पाळलं, आणि कारण साफ चुकीचं होतं.

भाजल्याचं लगेच कळत नाही, हे या खात्याचं वैशिष्ट्य. नोटीस मागाहून येते. लाली तीन ते पाच तासांनी दिसू लागते आणि पहिल्या बारा ते चोवीस तासांत कळस गाठते. त्यामुळे कुटुंब संध्याकाळी गाणी म्हणत घरी येतं, 'मस्त रंग चढलाय' म्हणून एकमेकांचं कौतुक करतं, आणि रात्री शॉवरखाली पहिली किंकाळी फुटते.

मग इमारत जमते. पहिल्या मजल्यावरचे काका टूथपेस्ट घेऊन येतात. समोरच्या बेन हळद-बेसन सुचवतात. मालवणहून आलेली आजी खोबरेल तेलाचा आग्रह धरते, दिल्लीवाल्या भाभी दह्याचा, आणि सोसायटीचे सेक्रेटरी फ्रीजमधला बर्फ थेट खांद्यावर ठेवतात. त्यावर बाबा जे बोलतात ते सोसायटीच्या इतिवृत्तात नोंदवलेलं नाही. चौथ्या मजल्यावर केरळची एक परिचारिका राहते. ती येऊन म्हणते : गार पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा, भरपूर पाणी प्या, फोड फोडू नका, थंडी वाजून ताप आला किंवा मूल मलूल झालं तर दवाखान्यात न्या. तिचं कुणी ऐकत नाही. पाणी हा काय उपाय झाला? वीस वर्षं नोकरी करून हेच शिकली? टूथपेस्ट लावली जाते.

सोमवारी सकाळी मीरा रोड स्टेशन. भाजलेल्या पाठीची खरी परीक्षा इथे. विरारहून भरून आलेल्या गाडीत माणूस स्वतःहून चढत नाही, चढवला जातो, आणि चढवणारे तळवे नेमके खांद्यांवर पडतात. आत मागच्याची सॅक, तिची चेन, चेनला लटकलेला देव. दहिसरला 'अरे आत व्हा', बोरिवलीला पुन्हा तेच, अंधेरीला उतरणाऱ्यांचा लोंढा कातडीचा एक पापुद्रा बरोबर घेऊन जातो. ऑफिसात शिरताच जुना मित्र 'काय मग, समुद्र?' म्हणत पाठीवर थाप मारतो. दुपारी रजा मागावी तर साहेब म्हणतात, "ऊन लागलं म्हणून रजा? तुम्ही काय युरोपियन आहात?" आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन बचाव करतं हे खरं, गोऱ्यांपेक्षा आपण उशिरा भाजतो हेही खरं. पण उशिरा म्हणजे कधीच नाही असं नव्हे. सरकारी कामांच्या अनुभवावरून साहेबांचा तसा समज झाला असावा.

तेव्हा बेव्हर्ली पार्ककरांना एवढीच विनंती. मे महिन्याच्या मध्यावर आपल्याकडे एक दिवस असा येतो, की दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली पायांखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणून वर्तमानपत्रं दरवर्षी त्याचा फोटो छापतात. त्या दिवसाच्या आगेमागे येणारे रविवार टाळा. टाळणं जमत नसेल तर स्वतःची सावली बघा. ती आपल्यापेक्षा बुटकी झाली की वाळू सोडा. सकाळी सहाला निघणं तुम्हाला जमणार नाही हे आम्ही जाणून आहोत, त्यामुळे तो सल्ला देत नाही. उलट करा. दुपारी घरी जेवा, झोपा, पाणी भरा, आत्याला येऊ द्या, टायरमध्ये हवा भरा आणि पाचपर्यंत पोहोचा. गोराईला मे महिन्यात सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो. दोन तास हातात राहतात.