खर्जाचं ओझं

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रेक्षकांचा : ‘‘हिला चारच तारा का हो?’’ दुसरा आयोजकाचा, मानधनाची बोलणी ऐन रंगात आलेली असताना : ‘‘बेस तर कीबोर्डवरही वाजतो ना?’’ पहिल्याचं उत्तर मी हसून देतो. दुसऱ्याचं देताना हसू येत नाही, कारण ते उत्तर ‘हो’ असं आहे. बऱ्याच गाण्यांत कीबोर्डवाल्याचा डावा हात मोकळाच असतो. त्या हाताखालच्या पट्ट्यांवर बेसचा आवाज नेमून दिला की काम भागतं आणि एक पाकीट वाचतं. आमचा कीबोर्डवाला सज्जन आहे. आयोजकासमोर तो ‘‘छे छे, लाइव्ह बेसची मजाच वेगळी’’ असं ठासून सांगतो. पण मला ताप आला होता त्या रात्री त्यानेच सगळा कार्यक्रम डाव्या हाताने निभावून नेला, आणि प्रेक्षकांतल्या कोणीही तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. मी चौकशी केली होती.

पोटावर पाय येतोय असं वाटलं की माणूस एक तर रियाज वाढवतो किंवा सामान. रियाजाला वेळ लागतो. सामान हप्त्यांवर मिळतं.

वास्तविक या वाद्याचा जन्मच मुळी ओझं कमी करण्यासाठी झालेला. त्याआधी खर्ज सांभाळायचा तो डबल बेस. माणसाहून उंच, गाडीत न मावणारा आणि ब्रास सेक्शन सुरू झालं की कोणालाही ऐकू न येणारा. आपल्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्येही तो असायचा. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचे एक रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांनी १९५१ मध्ये तो राक्षस आडवा केला, त्याला पट्टा लावून गळ्यात अडकवला आणि दांडीवर सतारीला असतात तसे पडदे बसवले. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून तिचं नाव ‘प्रिसिजन’. चार तारा डबल बेसला होत्या म्हणून हिलाही चार. गंमत म्हणजे फेंडरसाहेबांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आमच्या क्षेत्रात याचं कोणाला फारसं आश्चर्य वाटत नाही.

तर वाद्य हलकं झालं आणि जेवढं वजन वाचलं त्याच्या दुप्पट अ‍ॅम्पमध्ये जाऊन बसलं. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने ‘एसव्हीटी’ नावाचा ३०० वॉटचा अ‍ॅम्प काढला आणि रोलिंग स्टोन्स तो अमेरिकेच्या दौऱ्यावर घेऊन गेले. नुसतं वरचं खोकं ४० किलोच्या घरात. खालचं आठ स्पीकरांचं कपाट ६० किलोच्या पुढे. वाजवणारे त्या कपाटाला फ्रिजच म्हणतात. स्टोन्सकडे तो उचलायला माणसं होती. माझ्याकडे पुतण्या आहे, आणि त्याची यंदा दहावी आहे.

एवढी ताकद लागते तरी कशाला? कारण खर्जाच्या बाबतीत माणसाचा कान जन्मजात मंद आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. मधल्या सप्तकातला सूर आणि अगदी खालचा सूर सारखेच मोठे वाटायला हवे असतील, तर खालच्यात कितीतरी जास्त जोर घालावा लागतो. म्हणजे गायिकेने नुसता उसासा टाकला तरी शेवटच्या रांगेत कळतं, आणि मला तेवढ्यासाठी जनरेटर लागतो. बरं, वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो म्हणावं, तर तेही नाही. दीडशेचा विकून तीनशेचा घेतला की पदरात पडतात ३ डेसिबल. ढोलकीवाल्याने दुपारी एक पुरी जास्त खाल्ली तर त्याच्या थापेत याहून जास्त फरक पडतो. त्याचं भांडवल पुरीचं, माझं बँकेचं.

यापुढची थट्टा हॉल करतो. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्‌झचा सूर निघतो आणि त्याची एक लाट आठ मीटरहून लांब असते. मंगल कार्यालयाच्या भिंतींवर आपटून या लाटा परत येतात, एकमेकींना भेटतात आणि कुठे एकमेकींच्या खांद्यावर चढतात, तर कुठे एकमेकींना चक्क गिळून टाकतात. त्यामुळे एका खुर्चीवर छाती दणाणते आणि चार खुर्च्या सोडून बसलेल्या काकांना काहीच ऐकू येत नाही. भिंतीपाशी आणि कोपऱ्यात मात्र खर्ज साचतो, हे अगदी खात्रीचं. आता आपल्याकडे कार्यालयाच्या कोपऱ्यात कोण असतं? आइस्क्रीमवाला!

एका संगीताच्या कार्यक्रमानंतर मी वायर गुंडाळत बसलो होतो तेव्हा हा मुलगा मला शोधत स्टेजवर आला. हातात स्कूप तसाच. म्हणाला, ‘‘दादा, ते पंचमदांचं गाणं होतं ना, त्यात अंतऱ्याच्या आधी खाली उतरत उतरत आलात, ते लई भारी होतं.’’ मी थक्क झालो. ती उतरण मी कित्येक कार्यक्रमांत वाजवत आलो आहे. ती असते, हे आमच्या बँडमधल्यांनाही माहीत नव्हतं. त्याच रात्री पहिल्या रांगेत, खास राखून ठेवलेल्या खुर्चीवर माझी आई बसली होती. रिक्षात तिने अतिशय काळजीने विचारलं, ‘‘तुझं वाजत होतं का रे?’’

आई आणि आइस्क्रीमवाला या दोघांच्या मध्ये असतो साउंडवाला. हा स्टेजवरच्या प्रत्येकाचा भाग्यविधाता. ‘‘बेस येतोय का?’’ असं विचारलं की तो मिक्सरवरून मान वर न करता अंगठा दाखवतो. ‘‘बाहेर एकदम कडक येतोय, सर.’’ हे ‘बाहेर’ नावाचं ठिकाण बेसवाल्याला आयुष्यात कधी पाहायला मिळत नाही, कारण बेस वाजत असतो तेव्हा तो आत असतो. साउंड चेकचा सगळा वेळ निवेदिकेच्या ‘‘हॅलो, चेक, वन टू’’मध्ये आणि बासरीचा माइक शिट्टी मारतो तो थांबवण्यात जातो. माझी पाळी येईपर्यंत पहिले पाहुणे आत येऊन बसलेले असतात आणि अत्तराचा फवारा सुरू झालेला असतो. साउंडवाल्याला वेळेवर चहा पाजणं हे कुठल्याही पेडलपेक्षा जास्त परिणामकारक आहे, असं माझं अनुभवाचं मत आहे.

आता पाचव्या तारेची कहाणी. आमच्याकडे गाणारी मंडळी सुराला सी, डी म्हणत नाहीत. पेटीवरच्या पट्ट्यांनी बोलतात. काळी एक, पांढरी चार वगैरे. पडदा वर जायला पाच मिनिटं असताना गायिका गळ्याभोवतीची शाल सावरत येते आणि म्हणते, ‘‘आज घसा बसलाय हो. काळी तीन नको, पांढरी दोन धरा.’’ कीबोर्डवाला एक बटण दाबतो आणि मोबाइल बघत बसतो. गिटारवाला आपला कॅपो सरकवतो. माझी सर्वांत खालची तार मात्र पांढरी तीनची. पांढरी दोन म्हणजे षड्जच माझ्या वाद्याच्या बाहेर, गच्चीचा कठडा संपल्यावर पलीकडे. तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि गाण्याच्या बुडाशी काही राहत नाही. एवढा बिनतोड युक्तिवाद हातात आल्यावर मी पाच तारांची बेस घेतली नसती तर नवल. तिची ती पाचवी तार तीन मिलिमीटरहून जाड, पांढरी सातची, ३१ हर्ट्‌झची. घरी पहिल्यांदा छेडली तेव्हा मांडणीतल्या ताटल्या वाजल्या. मी धन्य झालो.

पुढचा शोध लागला तो कार्यक्रमात. लग्नाच्या हॉलमध्ये येणारे बहुतेक स्पीकर चाळीस हर्ट्‌झच्या आसपासच मान टाकतात. ३१ चा सूर त्यांच्यातून जवळपास निघतच नाही. श्रोत्यांना तो ऐकू येतो हे खरं, पण त्याचे वरचे स्वरांश ऐकून त्यांचा मेंदू खालचा सूर मनातल्या मनात भरून काढतो. हे शास्त्र मोठं सुंदर आहे. फक्त हप्ते मनातल्या मनात भरता येत नाहीत.

तारांचंही एक प्रकरण आहे. नवी तार पियानोसारखी टणत्कार करते. महिन्याभरात घामाने आणि बोटांच्या मळाने बसते. नवा जोड घ्यायचा तर कधी कधी एका कार्यक्रमाचं अर्धं पाकीट जातं. म्हणून बेसवाले एक घरगुती उपाय करतात : तारा पाण्यात उकळतात. मीही एका रविवारी सकाळी तारा उतरवल्या, वेटोळी करून पातेल्यात सोडल्या आणि गॅस मोठा केला. थोड्या वेळात पाणी गढूळ झालं, वर तेलकट तवंग आला आणि तारेच्या गुंडाळीच्या फटींतून बारीक काळपट कण सुटू लागले. तवंगात मला गेल्या मोसमातली सगळी लग्नं दिसत होती. एवढ्यात आई आत आली.

‘‘काय शिजतंय?’’

‘‘तारा.’’

तिने झाकण उचलून नीट पाहिलं. ‘‘मीठ घातलंस?’’

मग तारा फडक्याने कोरड्या करून कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्या. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून पाहिलं आणि काही विचारलं नाही, जे विचारण्यापेक्षा वाईट. आवाज खरोखर उजळला आणि पुढचे थोडे कार्यक्रम टिकला. त्या आनंदात मी आईला जेम्स जेमरसनची गोष्ट सांगितली. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाजलेल्या गाण्यांवर याची बेस आहे. वाजवायचा उजव्या हाताच्या एकाच बोटाने, १९६२ ची प्रिसिजन, आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. तो मळकट, गोल आवाज आज जगभरचे बेसवाले पैसे मोजून मिळवू पाहतात. आई म्हणाली, ‘‘शहाणा होता. पातेलं तरी वाचलं त्याच्या आईचं.’’ पातेलं तिने मला कायमचं देऊन टाकलं आहे.

स्टेजवर मला ऐकू येणारा सर्वांत स्थिर सूर कोणाचा, विचाराल तर विजेचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. मंडपातली लाइटिंग, जनरेटर आणि साउंड एकाच लाइनवर अडकवलं की स्पीकरमधून जो ‘हुंऽऽ’ निघतो, तो मंद्रातल्या पांढरी पाचच्या अगदी जवळ, जरासा चढा. कोरस बेसूर होतो, बासरी थंडीत उतरते, पण हा हुंकार मध्यरात्रीपर्यंत हलत नाही. एकदा निम्मा कार्यक्रम पांढरी पाचमध्ये होता तेव्हा तानपुरा लावल्यासारखं वाटलं. अमेरिकेतल्या मराठी मंडळात वाजवून आलेला आमचा गिटारवाला सांगतो की तिकडे हीच गुणगुण काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये कुठेतरी लागते. बरोबरच आहे, त्यांची वीज ६० हर्ट्‌झची. यावर इलाज म्हणजे डीआय बॉक्स. लोखंडाची साबणाच्या वडीएवढी डबी, तिच्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाची एक इवलीशी कळ. ती दाबली की बहुधा शांतता. मी आजवर घेतलेल्या सगळ्या सामानात हिच्याइतकं पैसे वसूल करून देणारं दुसरं काही नाही, आणि कार्यक्रमाच्या फोटोंत ती कधीच दिसत नाही.

अशीच फोटोंत न दिसणारी दुसरी वस्तू म्हणजे नऊ व्होल्टची बॅटरी. आतून बॅटरीवर चालणाऱ्या बेसमध्ये वायर खोचली की बॅटरी खर्च व्हायला लागते, तुम्ही वाजवा की न वाजवा. आता आपल्याकडचा कार्यक्रम पाहा : दीपप्रज्वलन, नगरसेवकांचा सत्कार, नगरसेवकांनी केलेला सत्कार, आयोजकांच्या सासऱ्यांचं मनोगत. वायर खोचलेली. पहिलं गाणं सुरू होईपर्यंत बॅटरीने अर्धं आयुष्य भाषणांत घालवलेलं असतं. आणि रात्रीचे दहा वाजले की उघड्यावरचे स्पीकर बंद, असा २००० सालापासूनचा नियम. सणासुदीचे ठराविक दिवस बारापर्यंत सवलत. म्हणून पावणेदहाला निवेदिका घड्याळ बघते आणि २०१६ पासून एकही वर्ष ज्याच्यावाचून गेलेलं नाही ते ‘झिंगाट’ येतं. त्यात मी कुठला अ‍ॅम्प लावला आहे हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

मोठा अ‍ॅम्प मी विकला. घेणारा विशीतला होता, त्याला पाठीचा त्रास नव्हता. आता माझ्याकडे तीन किलोच्या आतला, दप्तरात मावणारा अ‍ॅम्प आहे. नव्या तऱ्हेच्या सर्किटांना जड ट्रान्सफॉर्मर लागत नाही, आणि ती कमी तापतात म्हणून उष्णता घालवणाऱ्या जड जाळ्याही लागत नाहीत. बहुतेक ठिकाणी तोही काढत नाही. डीआयमधून सरळ मिक्सरला देतो. अ‍ॅम्प निवडण्याची माझी कसोटी एकच उरली आहे : सगळं सामान एका खेपेत जिना चढलं पाहिजे. हलक्या वाद्यात मोठेपणा कमी होत नाही, हे पॉल मॅकार्टनीने केव्हाच दाखवलं आहे. फेंडर परवडेना म्हणून त्याने १९६१ मध्ये हॅम्बर्गला तीसेक पौंडांत व्हायोलिनच्या आकाराची पोकळ हॉफनर बेस घेतली आणि तिच्यावर बीटल्स उभे राहिले. हलकेपणाचा तोटा एवढाच की चोरालाही ती हलकीच. १९७२ मध्ये चोरीला गेलेली ती बेस त्याला २०२४ मध्ये परत मिळाल्याचं जाहीर झालं. माझा जुना अ‍ॅम्प मी रात्रभर उघड्यावर ठेवला असता तरी सकाळी तिथेच सापडला असता.

तेव्हा तुमच्याकडे लग्न, साखरपुडा किंवा सोसायटीचा गणपती असेल आणि ऑर्केस्ट्रा ठरवत असाल, तर थोडी विनंती आहे. हॉल कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे का, ते आधी कळवा. लाइटिंगची लाइन वेगळी घ्या आणि साउंडची वेगळी. सत्कार शालीवर भागवा, मनोगतं पुढच्या वर्षी. आणि बेस कसा वाजला हे खरंच जाणून घ्यायचं असेल, तर पहिल्या रांगेत बसू नका. आइस्क्रीमच्या काउंटरपाशी उभे राहा.