बरणीतली वीज

जे हाती लागेल ते बरणीत भरून ठेवायचं, ही माणसाची जुनी खोड. कैरी मिळाली की लोणचं, आवळा मिळाला की मुरंबा. अठराव्या शतकात युरोपातल्या पंडितांना काच घासून वीज काढता येऊ लागली, तेव्हा ती बाटलीत भरायचं कुणाच्या तरी मनात येणारच होतं. त्यात वीज म्हणजे एक अदृश्य द्रव, अशी तेव्हाची समजूत. द्रव म्हटला की भांडं आलंच. समजूत चुकीची होती, भांडं मात्र अचूक निघालं.

१७४५ साली पोमेरेनियातल्या एवाल्ड फॉन क्लाइस्ट या धर्मगुरूने औषधाच्या बाटलीत खिळा घालून तो विजेच्या यंत्राला लावला. मग बाटली हातात धरून खिळ्याला बोट लावलं, तर खांद्यापर्यंत दणका बसला. त्याने ही हकीकत विद्वानांना कळवली, पण बाटली हातात धरणं किती महत्त्वाचं आहे हे नीट सांगायचं राहिलं. त्यामुळे इतरांना तो दणका काही जमेना.

हॉलंडमधल्या लायडनमध्ये प्राध्यापक मुशेनब्रुक त्याच सुमारास तार सोडलेल्या पाण्याच्या बाटलीशी खटपट करत होते. वीज जमिनीत निसटू नये म्हणून बाटली निरोधक बैठकीवर ठेवायची, असा त्या काळचा शास्त्रशुद्ध नियम. नियम पाळला जाई आणि बाटलीत काही म्हणता काही साठत नसे. मग तिथे आंद्रेआस कुनेयस आला. पेशाने वकील. नियमाची त्याला गंधवार्ता नव्हती, त्याने बाटली सरळ हातात धरली, दुसरा हात तारेला लावला आणि हबकलाच. विजेचा कायदा कायद्याच्या माणसानेच मोडला म्हणून तो सापडला.

गोम त्या तळहातात होती. काचेच्या आत पाणी, बाहेर हात, म्हणजे दोन वाहक आणि मध्ये निरोधक. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवायचं साधन, तो एवढाच. मुशेनब्रुकनी स्वतःही झटका खाल्ला आणि पॅरिसला कळवलं की फ्रान्सचं राज्य दिलं तरी पुन्हा हे करणार नाही. पत्र वाचून पॅरिसकरांनी काय करावं? तिथले वीजसंशोधक आबे नोले यांनी राजा पंधराव्या लुईसमोर १८० शिपाई एकमेकांचे हात धरून उभे केले आणि त्यांच्यातून भारलेली लायडनची बरणी मोकळी केली. सगळे एकदम उडाले. राज्य कुणी घेतलं नाही, पण राजाची करमणूक झाली.

पुढे हाताच्या जागी धातूचा पत्रा आला, पाण्याच्या जागीही पत्राच आला. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने भारलेल्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतून पाहिलं, तर त्यात काही नाही. मूळ बाटलीत नवं पाणी घातलं, तर झटका हजर! वीज पाण्यात नव्हतीच, त्याच्या मते ती काचेत होती. एवढा जाणता माणूस, पण डिसेंबर १७५० मध्ये टर्की पक्षी विजेने मारण्यासाठी भारलेल्या दोन मोठ्या बरण्यांचा झटका स्वतःच घेऊन बसला. ब्रिटिश नौदलाने तर बरणीलाच वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप केलं. ९०० बरण्या म्हणजे एक मायक्रोफॅरड.

हा खटाटोप अजून संपलेला नाही. शाळेत कॅमेऱ्याच्या फिल्मच्या रिकाम्या डबीला आतबाहेर चंदेरी कागद लावून छोटी बरणी करतात. घरी टेस्ला कॉइल, म्हणजे उंच व्होल्टच्या ठिणग्या काढणारं यंत्र, बांधणारे हौशी लोक बिअरच्या बाटल्यांत मिठाचं पाणी भरतात, वर तेलाचा थर सोडतात आणि त्या खारट पाण्याच्या बादलीत उभ्या करतात. शास्त्र तेच आहे. पृष्ठभाग जितका मोठा आणि काच जितकी पातळ, तितका साठा जास्त. मात्र काच फार पातळ झाली की वीज ती भेदूनच जाते.

आता एक सांगणं. छोट्या डबीचा चिमटा हसण्यावारी नेता येतो, पण हजारो व्होल्टला भारलेल्या बाटल्यांची रांग हृदय बंद पाडू शकते. शिवाय एकदा मोकळी केलेली बरणीही थोड्या वेळाने पुन्हा भारलेली सापडते, कारण काच आपला सगळा साठा एका दमात सोडत नाही. तेव्हा या वाटेला जायचंच असेल, तर जाणत्या माणसाला सोबत घ्या. आणि काम संपल्यावर आतला-बाहेरचा पत्रा तारेने जोडून ठेवा, जोडलेलाच राहू द्या.