श्री. कॅशपुसे

प्रत्येक सोसायटीत एक कॅशपुसे असतात. दारावरच्या पाटीवरचं आडनाव निराळं असतं, पण लॅपटॉपवरचं कीर्तन मध्येच थिजलं, बुवांचा वर गेलेला हात वरच राहिला आणि पडद्याच्या मधोमध ती गोल चकरी फिरू लागली, की ज्यांना हाक जाते ते हेच. दाराशी चपला काढता काढता त्यांचा पहिला प्रश्न येतो, "कॅश साफ केली का?" बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांना हा अब्रूवरचा घाला वाटू शकतो, पण तो गैरसमज लवकर मिटतो. कॅशपुसे यांचं वय चाळिशीपासून सत्तरीपर्यंत काहीही चालतं. शिक्षण कॉमर्सचं, सिव्हिलचं किंवा चक्क संस्कृतचं. अधिकाराचं मूळ एवढंच, की ऑफिसात पहिला संगणक आला तेव्हा तो ज्या टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारचं टेबल यांचं होतं.

त्यांच्या उपचाराचं वैशिष्ट्य असं, की तो रोग्याकडे न बघता सुरू होतो. पडद्यावर काय दिसतंय, आवाज येतोय का, एकच व्हिडिओ अडतोय की सगळेच, हे विचारण्यात त्यांना वेळ दवडायचा नसतो. आधी पान रिफ्रेश. मग कॅश. मग इन्कॉग्निटो खिडकी, मग दुसरा ब्राउझर, मग राउटरचा प्लग काढून मनात तीसपर्यंत आकडे, आणि शेवटी सगळं बंद करून पुन्हा चालू. एवढ्यात वीस मिनिटं जातात, चहा होतो आणि बुवांचा हात खाली येतो. श्रेय कुणाचं याबद्दल घरात दुमत नसतं. माझं म्हणणं असं, की ते कॅशपुसे यांचं असेलच असं नाही. व्हिडिओ अडण्याची कितीतरी कारणं घराबाहेरच असतात. आषाढीच्या पहाटेची महापूजा एकाच वेळी सगळ्यांना थेट पाहायची असते. गर्दी त्या टोकाला होते आणि गर्दी ओसरली की चित्र आपोआप हलू लागतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते म्हणतात. हा कावळा तर फांदी मोडेपर्यंत उठतच नाही!

यावर कुणी म्हणेल, की मग हे सारं थोतांड आहे का? मुळीच नाही, आणि गंमत इथेच आहे. त्यांच्या बटव्यातली प्रत्येक मुळी खरी आहे. ब्राउझर पानाचे तुकडे स्वतःजवळ साठवून ठेवतो, तीच कॅश, आणि साइटने आपला प्लेअर बदलला तर जुना तुकडा नव्याशी भांडू शकतो. तेव्हा कॅश पुसणं रास्तच. इन्कॉग्निटो खिडकीत एक्स्टेन्शनं सहसा चालत नाहीत. म्हणून तिथे व्हिडिओ चालला आणि बाहेर अडला, तर संशय जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनवर घ्यायला हरकत नाही. म्हणजे ही खिडकी औषध नव्हे, तपासणी आहे. कॅशपुसे मात्र ती औषध म्हणून देतात आणि "आता कीर्तन इथेच बघत जा" असं सांगून निघतात. आता आवाज येतोय पण चित्र काळं किंवा हिरवंगार, हा प्रकार घ्या. व्हिडिओ उलगडण्याचं काम ब्राउझर ग्राफिक्स चिपकडे सोपवतो आणि चिपचा ड्रायव्हर बिघडलेला असेल तर रिकामा पडदा हाती येतो. तो हिरवाच का? व्हिडिओत ठिपक्यांचा रंग उजेडाचा एक आणि रंगाचे दोन अशा आकड्यांत मांडलेला असतो. तिन्ही शून्यच राहिले तर ते गणित काळ्यावर न येता हिरव्यावर येतं. अशा वेळी सेटिंग्जमध्ये जाऊन हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन एकदा बंद करून पाहावं, हा खरा उतारा. कॅश दिवसातून चार वेळा पुसली तरी त्या हिरव्याला काही फरक पडत नाही. तसाच तो पंखा. 2018 साली आलेली एव्ही1 ही नवी पद्धत व्हिडिओ फार आटोपशीर बांधते, पण जुन्या लॅपटॉपच्या चिपला ती गाठ सोडवता येत नाही. मग मुख्य प्रोसेसर एकटा राबतो, पंखा ओल्या खोबऱ्याच्या चटणीचा मिक्सर लावल्यासारखा ओरडतो आणि चित्र उड्या मारतं. कॅशपुसे लॅपटॉपखाली वही सरकवून त्याला वारा देतात. दृश्य लोभस असतं.

त्यांचं ज्ञान खोटं नाही, शिळं आहे. अजूनही ते मधूनच विचारतात, "फ्लॅश टाकलंय ना?" यूट्यूबने जानेवारी 2015 मध्येच व्हिडिओ चालवणारं हे जुनं जोडसॉफ्टवेअर बाजूला सारून ब्राउझरच्या स्वतःच्या व्हिडिओला पहिली पसंती दिली. अ‍ॅडोबीने 31 डिसेंबर 2020 ला आपल्या या सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यातला मजकूर चालणंच बंद केलं. तेराव्याचं जेवण होऊन वर्षं लोटली, तरी हे अजून रोग्याची तब्येत विचारताहेत. यात निव्वळ विनोद नाही, धोकाही आहे. फ्लॅशच्या अपडेटचं सोंग घेऊन संगणकात घुसणं ही चोरांची जुनी युक्ती होती आणि 'फ्लॅश डाउनलोड' शोधणारा माणूस त्यांना आयता सापडतो. दुसरा शिळा सल्ला म्हणजे "पॉज करून ठेवा, भरू दे सगळं." हा मात्र एके काळी उत्तम होता. पहाटे नळाला पाणी आलं की पिंप भरून ठेवावं, तसा तेव्हा व्हिडिओ काठोकाठ भरायचा आणि करडी पट्टी शेवटापर्यंत जायची. आता व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. ब्राउझर पुढचे थोडेच आणून ठेवतो आणि लाइन मंदावली तर पुढचा तुकडा कमी दर्जाचा मागवतो. पिंप गेलं, तांब्या आला. तांब्यासमोर अर्धा तास उभं राहिलं तरी तो तांब्याएवढाच भरणार.

पण व्यवहारी माणूस अडवून विचारेल, की कारण कळून काय करायचंय, चालू झालं ना? आणि मोठाले इंजिनियर तरी बंद करून चालू करण्यापलीकडे काय करतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोसायटीच्या हॉलमध्ये मिळतं. पोरांसाठी सिनेमा लावायचा असतो. लॅपटॉपवर चित्र झकास, आणि प्रोजेक्टरला वायर जोडली की भिंतीवर नुसता काळोख. कॅशपुसे सगळा कोर्स पुरा करतात, दोनदा. वास्तविक वर्गणीच्या साइटवरच्या सिनेमाला कुलूप असतं. वाटेतला अडॅप्टर आणि प्रोजेक्टर या साऱ्यांनी आपण भरवशाचे आहोत हे सांगितल्याशिवाय ते चित्र पुढे जाऊ देत नाही, आणि जुन्या प्रोजेक्टरला ते सांगताच येत नाही. इथे दोष नाहीच, नियम आहे, आणि नियमाची कॅश पुसता येत नाही. कारण माहीत असतं तर चाळीस पोरं गालिच्यावर बसण्याआधी दुसरा प्रोजेक्टर आला असता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं नाजूक आहे. इंजिनियरही बंद-चालू करतो, कबूल. पण तो एका वेळी एकच गोष्ट हलवतो आणि मग बघतो. कॅशपुसे सहा गोष्टी हलवतात. त्यातल्या कुठल्या एकीने गुण आला हे त्यांनाही कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी सहाही कराव्या लागतात. वीस वर्षांचा त्यांचा अनुभव म्हणजे एकाच दिवसाचा अनुभव वीस वर्षं घेतलेला.

तरीही दोषाचं सगळं माप त्यांच्या पदरात टाकणं मला पटत नाही. यंत्र तरी सरळ कुठे बोलतं? "काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा." काय चुकलं, कुणाचं चुकलं, प्रयत्न कशाचा करायचा? असा निरोप एखाद्या कारकुनाने खिडकीतून दिला असता तर वर्तमानपत्रात पत्रं छापून आली असती. क्रोमने एप्रिल 2018 मध्ये आवाजासकट आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंना चाप लावला, हे चांगलंच केलं. पण तेव्हापासून कितीतरी साइटवर व्हिडिओ मुका सुरू होतो. त्याची खूण म्हणजे कोपऱ्यातला तांदळाएवढा फुली मारलेला स्पीकर, जो मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दिसत नाही आणि साउंड ड्रायव्हर नव्याने टाकण्यात गुंतलेल्या कॅशपुसे यांनाही दिसत नाही. खरं निदान तर यंत्राच्या पोटातच आहे. यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं बटण दाबलं की यादीच्या तळाशी एक ओळ सापडते. ती उघडली की किती सेकंदांचा साठा पुढे तयार आहे आणि किती चित्रं गळली, हे आकड्यांत दिसतं. साठा संपत चालला असेल तर दुखणं लाइनचं. साठा भरपूर असून चित्रं गळत असतील तर आपल्याच लॅपटॉपचं. एवढ्या एका नजरेत कॅशपुसे यांचा निम्मा धंदा बसला असता. पण त्या ओळीला नाव दिलंय 'स्टॅट्स फॉर नर्ड्स', म्हणजे फक्त पुस्तकी किड्यांसाठी. कुठली आजी त्यावर बोट ठेवेल? ज्या दवाखान्यात थर्मामीटर कुलुपात ठेवतात, तिथे दाराबाहेर अंगारेवाला बसणारच.

आणि अंगाऱ्याची पुडी मोठीच असते. कॅश पुसायच्या त्या छोट्या चौकटीत मुदत विचारलेली असते. तासाभरापुरतंही पुसता येतं. कॅशपुसे 'ऑल टाइम' निवडतात, कारण अर्धवट काम त्यांना खपत नाही. खाली तीन खुणा असतात, इतिहास, कुकीज आणि साठवलेल्या फाइली. ते तिन्ही ठेवतात. निळं बटण दाबतात, हात झटकतात आणि उरलेला चहा संपवतात. त्या क्षणी विजेचं बिल, पेन्शनची साइट, सिनेमाची वर्गणी अशा सगळ्या दारांना आतून कड्या लागलेल्या असतात. पासवर्ड मुलाला ठाऊक असतो, मुलगा न्यू जर्सीत असतो आणि तिथे रात्रीचे दोन वाजलेले असतात. 'पासवर्ड विसरलात?' दाबल्यावर ओटीपी ज्या नंबरावर जातो, तो नंबर मुलाने विमानात बसायच्या आदल्या दिवशी बंद केलेला असतो. काकू लॅपटॉपकडे बघतात, मग कॅशपुसे यांच्याकडे. कॅशपुसे कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "आता एकदा राउटर बंद करून बघू."