सुशेगाद होण्याची दगदग

‘सुशेगाद’, म्हणजे निवांत, हा शब्द आपल्याकडे गोव्यात पोर्तुगिजांचा. ते १९६१ साली गेले, शब्द मागे राहिला. अख्ख्या म्हापशाने तो उचलला, मला पन्नाशी आली तरी जमला नाही. रोज पणजीची नोकरी, कदंबा बसमधली लोंबकळ आणि घरात पाऊल ठेवायला जागा नाही इतकी यंत्रं.

मग दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलेला थोरो हाती लागला. तो वॉल्डन तळ्याकाठी दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस झोपडीत राहिला. त्याच्यासारखं कमी गरजांत जगायचं म्हणून मी आठवड्याला तीनच दिवस कामावर जायचं ठरवलं. पगारही तीनच दिवसांचा झाला. थोरोला बायको नव्हती, हा तपशील माझ्या नजरेतून निसटला.

पहिला बळी विहिरीवरच्या पंपाचा. ‘रहाट आहे, दोरी आहे, हात आहेत,’ मी म्हणालो.

‘हात कुणाचे, तेवढं सांगा,’ बायको म्हणाली.

तिसऱ्या दिवशी कळशी विहिरीत. गाठ मीच मारली होती. शुक्रवारी नवी आणायला बाजारात गेलो. कमी खरेदीचं व्रत मोडायला म्हापशाच्या शुक्रवारासारखी जागा नाही. डिचोलीची मडकी, हरमलच्या मिरच्या, मयड्याची केळी! निघालो एका कळशीसाठी; परतताना पायलटच्या भाड्याच्या मोटारसायकलवर मांडीत मडकं, मडक्यात मिरच्या, काखेत कळशी आणि हात उरला नाही म्हणून डोक्यावर सूप. पायलटने आरशात एकदा पाहिलं आणि आरसाच वळवून ठेवला.

रविवारी तीही कळशी गेली. शेजारणीने गळ दिला. मी तो सोडला तो दोरीसकट. आता विहिरीत दोन कळश्या, सुंभाची दोरी, शेजारणीचा गळ. आणि वर पंप सुरू. तो कुणी लावला, हे मी विचारलं नाही.

शेवटी विहिरीत उतरणारा माणूस आणला. दहा मिनिटांत सगळं वर. त्याने माझी एका दिवसाची कमाई मागितली. म्हणजे नव्या हिशेबाने आठवड्याची तिसरी वाटणी. शेजारीण म्हणाली, आलाच आहेस तर आमचीही विहीर बघ.

‘आज पुरो, बाय,’ म्हणत तो आमच्याच ओट्यावर आडवा झाला आणि घोरू लागला.

मी त्याला ओलांडून, पाय न वाजवता, कदंबा पकडायला धावलो. साहेबांकडे चौथ्या दिवसाचं विचारायचं होतं.