उपेक्षितांचे कैवारी

प्रत्येक मित्रमंडळात एक कैवारी असतो. त्याला गाणं आवडत नाही असं नाही. पण ते इतर कुणी ऐकलेलं नाही, याचा आनंद त्याला अधिक. सध्या त्याच्याकडे गायक निक ड्रेकचं खातं आहे. ‘‘‘पिंक मून’ ऐकलायस?’’ हे तो अशा बेतानं विचारतो, की ‘हो’ म्हणणारा वैरी ठरावा. ‘नाही’ म्हणालात की खुर्ची पुढे ओढतो. जन्म १९४८, रंगून. तीन अल्बम, तिन्ही पडले. १९७४मध्ये, सव्विसाव्या वर्षी मृत्यू. ‘पिंक मून’ लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत ऑक्टोबर १९७१मध्ये दोन रात्रींत उरकलेला, सोबतीला फक्त ध्वनिमुद्रक जॉन वुड. माहिती बिनचूक. पंचाईत एवढीच, की अल्बम अठ्ठावीस मिनिटांचा आणि प्रास्ताविक त्याहून लांब.

माझं म्हणणं असं, की या माणसाचा जीव गायकावर नसतो, उपेक्षेवर असतो. पुरावा हवा तर २०००च्या सुमाराची फोक्सवॅगनची जाहिरात आठवा. तिच्यात ‘पिंक मून’चं शीर्षकगीत वाजलं आणि अमेरिकेत अल्बमचा खप कित्येक पटींनी वाढला. हयातीत न मिळालेले श्रोते गायकाला पंचवीस वर्षांनी मिळाले; कैवाऱ्यानं पेढे वाटायला हवेत. तो मात्र सुतक पाळतो आणि गायिका वॅश्टी बन्यनकडे वळतो. तिथेही नशीब आडवं येतं. तिचा १९७०चा अल्बम २०००मध्ये पुन्हा निघाला, लोकांनी उचलून धरला आणि बाईंनी २००५मध्ये दुसराही काढला. कलाकार हयात असून कामाला लागला, की कैवाऱ्याची मोठीच अडचण होते.

‘असे लोक नसते तर हे गायक विस्मृतीत गेले असते,’ असा आक्षेप कुणी घेईल. खरं आहे. जाहिरातीच्या कितीतरी आधीपासून ड्रेकचं नाव एका कानातून दुसऱ्या कानात जातच होतं. पण त्यासाठी ‘हे ऐक’ म्हणून तोंड मिटावं लागतं. शीर्षकगीतात नुसती गिटार चालू असताना मध्येच पियानोचे मोजके सूर येतात आणि जातात. आवाज आणि गिटार सोडून अख्ख्या अल्बममध्ये तिसरं वाद्य वाजतं ते तेवढंच. नेमक्या त्याच क्षणी कैवारी म्हणतो, ‘‘आता ऐक हं, काय सुंदर जागा आहे!’’ आणि जागा निघून जाते.

‘चरित्र कळल्याशिवाय गाणी कळत नाहीत,’ हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार. पण इथे चरित्रच आड येतं. मृत्यूचं आधी कळलं, की अकराच्या अकरा गाणी शोकसभेसारखी ऐकू येतात. ध्वनिमुद्रण मृत्यूच्या तीन वर्षं आधीचं आहे आणि शेवटचं गाणं सकाळवर आहे, चांगलं प्रसन्न आहे, हे कानांना कळायला कान मोकळे लागतात. म्हणून पहिल्यांदा ऐकताना कैवाऱ्याकडून अल्बमचं नाव तेवढं घ्यावं, कथा नंतर. ऐकून झाल्यावर आवडल्याचं मात्र त्याला कळवू नये. बिचाऱ्याचा आणखी एक उपेक्षित हातचा जायचा.