ॲबर्डीनकर

आमच्याकडे आडनाव गावावरून पडतं. नागावकर, चौलकर, वरसोलकर, रेवदंडेकर. चार पिढ्या गावात काढल्या की गाव मागे येऊन चिकटतं. आमच्या आळीतल्या अण्णांना चार पिढ्या लागल्या नाहीत, सहा महिने पुरले. मुलाकडे ॲबर्डीनला राहून आले आणि पंधरवड्याच्या आत पोस्टमनपासून पेपरवाल्यापर्यंत सगळे त्यांना ॲबर्डीनकर म्हणायला लागले. अण्णांनी कधी हरकत घेतली नाही. एकदा तर लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर त्यांनी स्वतःच तसं लिहिलं, कंसात अलिबाग.

त्याआधी अण्णा आळीतल्या इतर पाच-पन्नास माणसांसारखेच होते. थळच्या आर.सी.एफ.मध्ये तीस वर्षं काढली. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, रविवारी बाजारातून म्हावरं. समुद्र घरापासून सात मिनिटांवर, पण पाहुणे आले की त्यांना नेऊन दाखवायची वस्तू म्हणून. कुलाबा किल्ल्यात ते शेवटचे गेले होते सातवीच्या सहलीला.

मुलगा तिकडे तेलाच्या कंपनीत. उत्तर समुद्रात फलाटासारखं काही उभं केलेलं असतं, त्यावर दोन-दोन आठवडे राहायचं. सून नोकरीवर, नातू शाळेत. मग घरात उरले अण्णा, काकू आणि खिडकी. काकूंनी खिडकी घेतली, अण्णांनी वही घेतली आणि बाहेर पडले. जून महिना, सूर्य रात्री दहाला मावळायचा. रात्रीचं जेवण लख्ख उन्हात होतं म्हटल्यावर माणूस झोपणार कसा? अण्णांनी स्कॉटलंड पाहिलं ते बरंचसं झोप येत नव्हती म्हणून.

आता ते परत आलेत आणि आमची झोप गेलीय.

सुरुवात नमस्कारापासून. ॲबर्डीनच्या बोलीत माणूस भेटला की म्हणतात, ‘फिट लाइक?’ म्हणजे काय, कसं काय. अण्णांनी हे सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींवर सुरू केलं. बँकेतले एक निवृत्त गृहस्थ दोन दिवस ‘शुगर आहे थोडी’ असं उत्तर देत होते. दुसरा प्रकार याहून अवघड. ‘फूज यर डूज?’ शब्दशः अर्थ, तुमची कबुतरं कशी आहेत? यावर समोरच्यानं म्हणायचं, ‘आय पेकिन’, म्हणजे टिपतायत आपली. कोणाकडेही कबुतरं नसतात. विचारणाऱ्याला ठाऊक असतं, सांगणाऱ्यालाही. अण्णांना हे फार थोर वाटतं. ‘काय चाललंय’ला आपण ‘चाललंय आपलं’ म्हणतो, तेव्हा तरी काय चालत असतं, असं मी म्हटलं, तर अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, “पण आपल्यात कबुतरं नाहीत रे.”

आळीत हे कोणी शिकलं नाही. शिकली ती फक्त टोपली घेऊन दारावर येणारी कोळीण मावशी. तिला पहिल्यांदा वाटलं, अण्णा कबुतरं मागतायत. “म्या म्हावरं इकतंय, पाखरं नाय.” अर्थ कळल्यावर मात्र तिला ते जाम आवडलं. बाकी व्यवहारात तिनं स्कॉटलंडला एक रुपयाची सूट दिली नाही.

डोंगरांच्या बाबतीत अण्णांनी मला खरोखर दुखावलं. स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांपेक्षा उंच जी शिखरं, त्यांना मन्रो म्हणतात. ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थानं 1891 साली त्यांची यादी केली. आज ती 282 भरतात, आणि लोक आयुष्य घालवून ती एकेक करून चढतात, वहीत खूण करतात. इथवर ठीक. पण अण्णा पुढे म्हणाले, “आपला रायगड 820 मीटर. मन्रोला 914 लागतात. थोडक्यात गेला रे.” दहावीत प्रथम श्रेणी हुकलेल्या भाच्याबद्दल बोलावं त्या सुरात! मी म्हटलं, अण्णा, तिथे राज्याभिषेक झालाय, तुमच्या मन्रोवर काय झालंय? माझा चेहरा पाहून त्यांनी रात्रभर पुस्तकं चाळली असावीत. दुसऱ्या दिवशी धावत आले. “काळजी करू नकोस. अडीच ते तीन हजार फुटांतला वेगळा वर्ग आहे. त्याला कॉर्बेट म्हणतात. रायगड कॉर्बेट आहे!” हे त्यांनी चहाच्या टपरीवर मोठ्यानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत रायगडावर वाघ दिसल्याची बातमी महाडपर्यंत पोचली होती.

खाण्याचं विचारू नका. हॅगिस म्हणजे आपली वजडीच, फक्त ओट घालून बिघडवलेली, हे त्यांचं मत. काकूंचं मत, वजडीला उगाच नावं ठेवू नका. आर्ब्रोथ नावाच्या गावचा धुरावर भाजलेला हॅडॉक मासा आहे, त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. आसपासच्या आठ किलोमीटरबाहेर केलेल्या माशाला ते नाव लावता येत नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मानांकन मिळालं, मग वाळवणीवरच्या बोंबलानं काय घोडं मारलंय, असा अण्णांचा सवाल. तो मला पटतो. अण्णांचं हेच वाईट आहे, मधूनच पटतात.

एक जुना हिशेब मात्र त्यांनी चुकता केला. आपल्याकडच्या जुन्या मासिकांत रिकामी जागा उरली की स्कॉच माणसाच्या कंजूषपणाचा विनोद टाकत. अण्णा ते वाचत वाढले. ग्लासगोला केल्विनग्रोव्ह संग्रहालयाच्या दारात ते खिशात सुटे पैसे मोजत उभे राहिले, तर आत जायला तिकीटच नाही! चिक्कू म्हणून जगभर बदनाम झालेली माणसं फुकट संग्रहालय दाखवतात, आणि ‘अलिबागसे आया क्या’ म्हणून बदनाम झालेला माणूस त्यांच्या दारात सुटे मोजतोय. “दोघंही फुकट बदनाम,” अण्णा म्हणाले. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या की परत येताना यांनी तिथून सहा नकाशे आणले, फुकट होते म्हणून.

राजकारणातही त्यांना गती आहे. 2014 सालच्या 18 सप्टेंबरला तिकडे सार्वमत झालं, ब्रिटनमधून वेगळं व्हायचं की नाही. पंचावन्न टक्के नको म्हणाले, पंचेचाळीस टक्के हवं. याचं इतकं सोपं विवेचन मी कुठल्या अग्रलेखात वाचलं नाही. “वाडीची वाटणी रे. भाऊ म्हणतो वेगळा होतो. हो बाबा. माड मोजता येतात, सुपारी मोजता येते. पण विहीर कोणाकडे? तिकडची विहीर तेलाची, एवढाच फरक.” अण्णांचा स्वतःच्या भावाशी विहिरीवरून बावीस वर्षं वाद चालू आहे, तेव्हा ते अधिकारानं बोलतात.

पण त्यांचा आवडता विषय फेरीबोट. आम्ही मांडव्याची माणसं नसलो तरी मांडव्यावर जगणारी माणसं. पावसाळा आला की गेटवेच्या लाँचा बंद, मग वडखळमार्गे कंबर मोडत मुंबई. 2020 साली रो-रो आली तेव्हा सुटलो म्हणालो. तर अण्णा सांगतात की स्कॉटलंडच्या पश्चिमेची बेटंही अशीच बोटींवर जगतात, आणि तिथे ‘ग्लेन सॅनॉक्स’ नावाची बोट बांधायला दिली 2015 साली. यायची होती 2018ला. 2017च्या नोव्हेंबरात तिकडच्या मुख्यमंत्रीणबाईंच्या हस्ते जलावतरण झालं. बँड, झेंडे, टाळ्या. आणि बोटीला खिडक्या नव्हत्या. काळ्या रंगानं रंगवल्या होत्या!

इथे अण्णा नेहमी थांबतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघतात. ज्यानं मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011पासून पाहिलंय, त्याच्या तोंडावर या क्षणी जो आनंद फुलतो, तो अण्णांनी डोळे भरून पाहावा असाच असतो. प्रत्यक्ष प्रवासी घेऊन ती बोट निघाली 2025च्या जानेवारीत. माणगावचे एक व्याही ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. इंदापूरच्या वळणावर दोन तास अडकल्यावर फोन करून म्हणाले, “अण्णा, ती खिडक्यांची सांगा.”

गेल्या नोव्हेंबरात एका पहाटे तीनच्या सुमाराला अण्णांच्या घरातून आरोळी आली. आळी जागी झाली. कोणी काठी घेऊन, कोणी विजेरी घेऊन. दारात अण्णा मफलर गुंडाळून नाचत होते. स्कॉटलंडनं डेन्मार्कला चार-दोन असं हरवलं होतं, आणि 1998नंतर पहिल्यांदा फुटबॉलच्या विश्वचषकात पाऊल ठेवलं होतं. शेवटचा गोल कोणी तरी आपल्याच अर्ध्या मैदानातून मारला होता. आजवर विश्वचषकात हा संघ पहिल्या फेरीपुढे गेलेला नाही, हेही त्यांनी त्याच आनंदात सांगितलं. काठीवाले म्हणाले, चोर आला असता तर बरं होतं, निदान झोपेचं सार्थक झालं असतं.

आता किल्ल्याची गोष्ट. एडिनबराजवळ क्रॅमंड नावाचं बेट आहे. ओहोटीला चालत जायचं, भरती आली की अडकायचं. अगदी आपला कुलाबा. तिथे वाटेच्या तोंडाशी फलक आहे, किती ते किती सुरक्षित. तरी लोक अडकतात आणि जीवरक्षक बोट बोलवावी लागते. अण्णा आल्या आल्या सातवीनंतर पहिल्यांदा किल्ल्यात गेले. सिद्धिविनायकाचं दर्शन घेतलं, गोड्या पाण्याची विहीर पाहिली, उत्तरेच्या बुरुजावरच्या दोन तोफा स्कॉटलंडच्याच कारखान्यातल्या असणार म्हणून चष्मा लावून पाहिल्या. तोफेवर यॉर्कशायर निघालं. “म्हणजे इंग्लंड,” असं म्हणून त्यांनी तोफेकडे पाठ फिरवली, कान्होजी आंग्र्यांनी फिरवली नसेल अशी.

फलक मात्र डोक्यात राहिला. सरकार कशाला हवं, म्हणत त्यांनी स्वतः एक काळा फळा मिळवला आणि रोज फोनवर बघून ओहोटीच्या वेळा खडूनं लिहून किनाऱ्याच्या वाटेवर मांडू लागले. पहिला दिवस पंचमीचा. फळ्यावर सुवाच्य अक्षरात, ‘ओहोटी दुपारी 4.45’. पुण्याचं एक कुटुंब पावणेपाचला पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडून आलं. समोर समुद्र काठोकाठ.

कोळीण मावशी टोपली टेकवून वाचून घेत होती. “आज पाचम ना? पाच त्रिक पंधरा, चारनं भागा. पावनेचारला भरती. ह्ये कोनी लिवलं?” कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्याला फोन लागत नाही.

पुण्याचं कुटुंब घोडागाडीवाल्याशी भांडायला गेलं. मी अण्णांचा फोन हातात घेतला. वेळा अलिबागच्याच होत्या, घड्याळ ॲबर्डीनचं होतं. साडेपाच तासांचा फरक. आणि ओहोटीपासून भरतीला सहा तास लागतात, म्हणजे चूक बरोब्बर उलटी पडली होती. मी म्हटलं, “अण्णा, आणा, बदलून देतो, एक मिनिटाचं काम आहे.”

अण्णांनी फोन काढून घेतला. “राहू दे. मुद्दाम ठेवलंय.” आणि जरा वेळानं, समुद्राकडे बघत, “दर वेळी हिशेब कोण करत बसणार, उठला असेल का, सुटला असेल का म्हणून.”

फळा अजून तिथेच आहे. आता त्यावर वेळ नसते, नुसती तिथी असते, आणि खाली ‘पाऊणपट करावी’ एवढी सूचना. पुण्याची माणसं ती वाचून एकमेकांकडे बघतात. परवा अष्टमी होती. भांगाची ओहोटी, वाट पुरती उघडी पडणार नाही, होडीनं जा, असं अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत उभे होते. दुपारचे अडीच वाजले असतील. मावशी रिकामी टोपली काखेला मारून घरी निघाली होती. लांबूनच ओरडली, “अण्णा, कबुतरं कशी हायत?”

अण्णांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर सरकवून पाहिलं.

“आत्ताच शाळेत गेलं.”